करवीरात लोकराजाच्या समाधीपाशी

राजर्षी शाहू छत्रपतींचे निधन कोल्हापुरात नव्हे, तर आपल्या मुंबईत झाले. दिवस होता ६ मे १९२२ आणि जागा गिरगावच्या खेतवाडीतील पन्हाळा लॉज. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पार्थिव मोटारीने कोल्हापूरला नेण्यात आले आणि पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले. खेतवाडीवरून आपण वर्षातून किती वेळा जातो! पण ही गोष्ट आमच्या वस्तीत विचारून पाहिली तेव्हा दहातल्या नऊ जणांना ठाऊक नव्हती.

आपण ‘फुले-शाहू-आंबेडकर’ ही तीन नावे एका दमात घेतो. सांताक्रूझच्या पूर्वेला आमच्या वस्तीत जयंतीला तिन्ही फोटोंना हार पडतात. मुलांना महात्मा फुल्यांविषयी दहा वाक्ये बोलता येतात, परमपूज्य बाबासाहेबांविषयी तर तासभर बोलतील. मधल्या नावापाशी मात्र गाडी अडते. ‘आरक्षण दिले’ एवढे एक वाक्य येते आणि मग टाळ्या. म्हणून गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही ठरवले की यंदा सहल पिकनिकच्या जागी नको. कोल्हापूरला जाऊ, महाराजांची समाधी पाहू आणि मुलांना जागेवर उभे करून सांगू.

वस्तीतील सतरा जण तयार झाले. सहा भगिनी, पाच पुरुष आणि सहा मुले. कुणी पालिकेच्या सफाई खात्यात, कुणी बेस्टमधून निवृत्त, बहुतेक भगिनी कलिना-वाकोल्याच्या सोसायट्यांतून घरकाम करणाऱ्या. जानेवारीपासून घरटी महिना शंभर रुपये बाजूला ठेवले होते. दादरला महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली. रात्रभराचा प्रवास, डब्यात भाकरी, सुकटीची चटणी, मुलांचा दंगा. सकाळी गाडी थांबली तेव्हा फलाटावरची पाटी मुलांनीच मोठ्याने वाचली, ‘छत्रपती शाहू महाराज टर्मिनस’. चला, स्टेशनापासूनच सुरुवात झाली!

स्टेशनापासून दसरा चौक फार लांब नाही. आम्ही चालतच निघालो. चौकात महाराजांचा पूर्णाकृती पुतळा आहे, तो १९२७ सालचा. कोल्हापूरचे लोक येता-जाता त्याच्याकडे पाहून हात जोडतात, रिक्षावालासुद्धा हॅंडलवरचा एक हात काढून कपाळाला लावतो. पण आम्हाला पुतळ्याइतकेच आजूबाजूच्या इमारतींचे अप्रूप वाटले. या भागात महाराजांच्या काळातील बोर्डिंगे आहेत. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलाला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही तर शाळा उघडून उपयोग काय, हे महाराजांनी ओळखले होते. मराठा, जैन, मुस्लिम अशी एकेका समाजासाठी वसतिगृहे १९०१ पासून निघत गेली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार बोर्डिंगे काढल्याबद्दल महाराजांवर पुढे टीकाही झाली. आमचे मत असे की ज्या काळात एका पंगतीला कुणी बसत नव्हते, त्या काळात आधी मुलगा शाळेपर्यंत पोचवणे महत्त्वाचे होते. एकत्र जेवण्याची वाट बघत बसले असते तर दोन पिढ्या अडाणी राहिल्या असत्या.

दसरा चौकातून आम्ही नर्सरी बागेकडे वळलो. सिद्धार्थनगरच्या शेजारीच ही बाग आहे. सिद्धार्थनगर हे नाव वाचताच आमच्या भगिनींना आपल्या माणसांत आल्यासारखे झाले. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजींनी विचारले, “कुठनं आला म्हनायचं, पावनं?” मुंबईहून, सांताक्रूझहून म्हटल्यावर त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाल्या, “महाराजांच्याकडं आला न्हवं? बरं केलं. सरळ जावा.” जणू महाराज आत बसलेलेच आहेत!

बागेत दगडी चौथरा, त्यावर मेघडंबरी, असे समाधीचे आजचे रूप आहे. कोल्हापूर महापालिकेने हे काम केले आणि २०२० च्या जानेवारीत त्याचे लोकार्पण झाले. म्हणजे महाराज गेल्यानंतर जवळजवळ अठ्ठ्याण्णव वर्षांनी. आम्ही गेलो तेव्हा ६ मेचा स्मृतिदिन होऊन दोन दिवस झाले होते. झेंडूचे हार सुकले होते, एका कोपऱ्यात कुणी शाळकरी मुलाने वहीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेले महाराजांचे चित्र दगडाखाली दाबून ठेवले होते.

परंतु वाचकहो, या जागेवर महाराजांचे स्मारक पहिल्यांदा उभे राहिले ते २०२० साली नव्हे. ते उभे राहिले १९२५ साली. दसरा चौकातला पुतळाही त्यानंतर दोन वर्षांनी आला. आणि ते पहिले स्मारक कुणी उभे केले? दरबाराने नाही, सरदारांनी नाही, व्यापाऱ्यांनीही नाही. कोल्हापूरच्या अस्पृश्य समाजाने उभे केले आणि त्यात पुढाकार होता गंगाराम कांबळे यांचा. ही गोष्ट जरा सविस्तर सांगायलाच हवी.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. तिथे सवर्ण नोकरांसाठी पाण्याचा हौद वेगळा होता. त्या हौदाला हात लावला म्हणून गंगारामांना तिथल्या नोकरांनी बेदम मारले. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. ते परत आल्यावर गंगारामांनी जाऊन पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना नोकरीतून मोकळे केले, पैशाची मदत दिली आणि स्वतःचा धंदा कर म्हणून सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक हॉटेल’.

हॉटेल निघाले खरे, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. ही बातमी महाराजांच्या कानावर गेली. मग महाराज फिरायला निघाले की आपला खडखडा त्या हॉटेलासमोर थांबवू लागले आणि हाक मारून चहा मागवू लागले. बरोबरच्या मंडळींनाही तोच चहा प्यावा लागे. छत्रपती पितात म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसे म्हणता येईल? काहींच्या घशाखाली तो चहा कसा उतरला असेल, कल्पनाच केलेली बरी! पुढे सोडावॉटरचे यंत्र घ्यायलाही महाराजांनी मदत केली, असे सांगतात.

ज्या माणसाला पाण्याच्या हौदापायी मार बसला, त्याने आपल्या राजासाठी पहिला दगड रचला. वर्गणी देणारे लोकही आपल्यासारखेच, दिवसाच्या मजुरीवर जगणारे. ही हकीगत समाधीपाशी सांगितली तेव्हा आमच्यातले पालिकेचे भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या लहानपणी गावात आम्हाला कपबशी वेगळी. हॉटेलाच्या मागच्या भिंतीच्या खोबणीत ठेवलेली असायची. आपणच विसळायची, आपणच ठेवायची.” हे भाऊ पन्नाशीच्या पुढचे आहेत. फार जुनी गोष्ट नाही ही.

समाधीपुढे उभे राहायचे कसे, यावरून मात्र आमच्यात मतभेद झाले. एका मावशींनी सवयीने पदर डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला. सातवीतल्या एका मुलीने लगेच विचारले, “मावशी, आपण बौद्ध ना? मग राजाच्या पाया का पडायचं?” मावशी गोंधळल्या. एक बंधू म्हणाले, त्रिशरण-पंचशील घेऊ. दुसरे म्हणाले, महाराज बौद्ध नव्हते. १८९९ च्या वेदोक्त प्रकरणात स्वतः राजा असूनही त्यांनी अपमान सोसला, सत्यशोधक चळवळीला आधार दिला, आर्य समाजाच्या शिक्षणसंस्थांना हात दिला, पण धम्मदीक्षेच्या चौतीस वर्षे आधीच ते गेले. त्यांच्यापुढे आपली वंदना म्हणून त्यांना आपल्यात ओढायचे कशाला? मुद्दा दोन्हीकडून बरोबर होता. मुलीचा प्रश्न तर आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटला.

या ठिकाणी थायलंडच्या एका राजाची आठवण होते. आपल्या कितीतरी विहारांतून थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. हा देश बौद्धांचा आणि तिथे राजेशाही आजही आहे. तिथला चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवा राम, हा राजा १८६८ ते १९१० या काळात गादीवर होता. म्हणजे शाहू महाराजांचा समकालीनच. त्या काळी त्या देशाचे नाव सयाम होते. पिपरहवा येथील स्तूपातून १८९८ साली निघालेले भगवान बुद्धांचे अस्थिअवशेष इंग्रज सरकारने १८९९ मध्ये याच राजाला दिले आणि त्याने त्यातील भाग ब्रह्मदेश व श्रीलंकेच्या बौद्धांना वाटून दिला. या राजाने टप्प्याटप्प्याने गुलामगिरी बंद केली, शेवटचा कायदा १९०५ सालचा. आणि त्याआधी, १८७३ मध्ये, राजापुढे जमिनीवर लोटांगण घालण्याची पद्धत त्याने स्वतःच हुकूम काढून बंद केली. माणसाने माणसापुढे पालथे पडू नये, उभे राहून बोलावे, असा त्याचा अर्थ.

बॅंकॉकमध्ये त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. लोकांच्या वर्गणीतून १९०८ साली, राजा हयात असतानाच तो उभा राहिला. आज तिथे दर मंगळवारी संध्याकाळी लोक गुलाबी फुले, उदबत्त्या, मेणबत्त्या आणि चक्क ब्रॅंडीसुद्धा घेऊन येतात. धंदा चालू दे, परीक्षा पास होऊ दे म्हणून मागणे मागतात. आणि ज्याने लोटांगण बंद केले त्याच्याच पुतळ्यापुढे गुडघे टेकतात! त्या लोकांच्या प्रेमाविषयी आम्हाला शंका नाही. गुलामाच्या नातवाला त्या राजाविषयी काय वाटत असेल ते आपण नाही समजणार तर कोण समजेल? पण राजाने काय केले ते मागे पडले आणि राजा नवसाला पावणारा झाला, हे मात्र खरे. आपल्याकडे तसे व्हायला किती वेळ लागतो? कोल्हापूरच्या त्या आजी “महाराजांच्याकडं जावा” म्हणाल्या तेव्हा आम्हाला गोड वाटले आणि थोडी धास्तीही वाटली.

शेवटी असे ठरले की सगळ्यांनी शंभर सेकंद उभे राहायचे. ६ मे २०२२ रोजी, महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, कोल्हापूरकरांनी आहे त्या जागी शंभर सेकंद स्तब्ध राहून आदरांजली वाहिली होती. तेच आम्ही केले. मावशींनी पदर तसाच ठेवला, कुणी काही म्हटले नाही. नंतर त्या सातवीतल्या मुलीकडून आम्ही महाराजांच्या हुकमांची माहिती वाचून घेतली. मुंबईहून झेरॉक्स काढून आणली होती.

आम्ही स्वतः कारकुनीत आयुष्य काढलेले. जावक रजिस्टर, तक्ते, स्मरणपत्रे यांत केस पिकले. त्यामुळे २६ जुलै १९०२ च्या त्या हुकमाकडे आम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहतो. महाराज तेव्हा इंग्लंडात होते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेले होते. तिथून त्यांनी हा हुकूम काढला आणि तो करवीर गॅझेटमध्ये छापून आला. आशय असा की हुकूम पोचल्या तारखेपासून ज्या जागा रिकाम्या होतील त्यांतील शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो की ते आरक्षण फक्त अस्पृश्यांसाठी होते. तसे नाही. मराठा, कुणबी, जैन, लिंगायत, मुसलमान, सर्वजण त्यात होते.

याची गरज का पडली? १८९४ साली महाराजांच्या हाती कारभार आला तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनाच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतर जेमतेम दहा. हा आकडा मुलीने वाचला तेव्हा आम्हाला आमचीच कचेरी डोळ्यांपुढे आली. १८९४ साली कोल्हापुरात जन्मलो असतो तर ती पाचशे टेबले आमच्यासाठी नव्हती. ज्या खुर्चीवर बसून आम्ही संसार केला, मुली शिकवल्या, ती खुर्ची आकाशातून पडलेली नाही.

आता त्या हुकमातील आमच्या आवडीचा भाग. तो भाषणात कुणी सांगत नाही. महाराजांनी नुसते ‘पन्नास टक्के द्या’ म्हणून सोडले नाही. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गाचे लोक निम्म्याहून कमी असतील तिथे पुढची नेमणूक त्या वर्गातलीच करायची. आणि हुकमानंतर केलेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला सरकारकडे पाठवायचा! बंधूंनो, इथे राजाची अक्कल दिसते. कचेरीत काम केलेल्या कुणालाही विचारा. ज्या परिपत्रकाबरोबर तक्ता मागितलेला नसतो ते परिपत्रक फायलीला लागते आणि तिथेच राहते. तक्ता मागितला की साहेबाला दर तीन महिन्यांनी सही करावी लागते आणि सही करायची म्हणजे आकडा भरावा लागतो. आजची बिंदुनामावली, अनुशेषाचे विवरणपत्र, हे सगळे त्या तिमाही तक्त्याचेच नातू-पणतू आहेत.

१९१९ च्या हुकमांतही हीच पद्धत दिसते. सरकारी दवाखान्यात, शाळेत, कचेरीत अस्पृश्यांना बरोबरीने वागवायचे आणि ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. पेन्शन हा शब्द वाचताच आमचे बेस्टवाले काका खो खो हसले. “बरोबर जागी हात घातला महाराजांनी!”

सक्तीच्या शिक्षणाचे तसेच. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. जो बाप मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा दहावीनंतर शाळा सोडून डिलिव्हरीच्या कामाला लागला आहे. मोटारसायकलचा हप्ता भरतो. ताई म्हणाल्या, “आता असा दंड असता तर मी भरला असता की ह्याला वर्गात बसवलं असतं, काय सांगू?” हसत म्हणाल्या, पण डोळे भरले. मुलगा नको म्हणाला म्हणून शाळा सुटली, असे त्या सगळ्यांना सांगतात. खरे कारण घराचे डिपॉझिट होते, हे आमच्या गल्लीत सर्वांना माहीत आहे.

आमच्याबरोबर गडहिंग्लजकडच्या माहेरवाशीण आजी होत्या, पंचाहत्तरीच्या. त्यांना वतनाच्या गोष्टी वडिलांकडून ऐकून माहीत होत्या. गावकामगाराची चाकरी म्हणजे दिवसरात्र हाकेला ओ द्यायची, मेलेले ढोर ओढायचे, साहेबाचे सामान डोक्यावर न्यायचे, आणि बदल्यात जमिनीचा तुकडा आणि शिळे तुकडे. महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील महार वतने खालसा करून जमिनी त्या लोकांच्या नावे रयतावा करून दिल्या. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे, ती हजेरीही त्याच वर्षी बंद केली. शेजारच्या इंग्रजी मुलखात हेच वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात बिल आणले, आणि कायद्याने वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. दोन गावांमधून नुसता एक ओढा जात असेल, अलीकडे कोल्हापूर आणि पलीकडे इंग्रजी हद्द. अलीकडच्या माणसाची मान चाळीस वर्षे आधी मोकळी झाली.

याच आजींच्या घरात माणगाव परिषदेची गोष्ट सांगितली जाते. त्यांचे आजोबा तिथे होते. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे ही परिषद भरली. आज हे गाव हातकणंगले तालुक्यात येते. भरवण्यात पुढाकार होता गावचे जैन पाटील आप्पासाहेब यांचा. अध्यक्ष होते बाबासाहेब, वय अवघे अठ्ठावीस. महाराज शिकारीहून तिथे आले आणि भर सभेत त्यांनी लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, आता दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहू नका. राजाने आपल्याच प्रजेला सांगावे की तुमचा पुढारी मी नव्हे, हा आहे! आम्ही तरी असा दुसरा राजा ऐकलेला नाही. त्याआधी दोनच महिने, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ सुरू झाले होते, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. परळच्या चाळीत बाबासाहेबांच्या खोलीवर महाराज स्वतः जाऊन भेटले होते. माणगावनंतर लगेच मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला बहिष्कृत परिषद झाली, तिथे अध्यक्षस्थानी महाराज. पुढे दोन वर्षांतच ते गेले. बाबासाहेब तेव्हा परदेशात शिकत होते. त्या शिक्षणालाही महाराजांचा हात लागलेला होता.

दुपारी आम्ही बिंदू चौकात गेलो. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने तिथे महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसवले गेले, ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना. उन्हाने मुले कावली होती, त्यामुळे तिथे फार थांबता आले नाही. जन्मस्थळही राहिले. कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये ते आहे. ज्या वाचकांना जायचे असेल त्यांनी मे महिना टाळावा आणि दोन दिवस हाताशी ठेवावेत. एका दिवसात नवा राजवाडा, बावडा आणि माणगाव मिळून काहीच नीट होत नाही. २६ जून, महाराजांची जयंती, राज्य सरकार २००६ पासून सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते. तेव्हा हवाही बरी असते, पण मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात.

गाडी रात्रीची होती. मधल्या वेळात मुलांनी हट्ट धरला की गंगारामांचे हॉटेल कुठे होते ते बघायचे. भाऊसिंगजी रस्ता आजही गजबजलेला आहे. सीपीआर दवाखान्याच्या बाजूला दोघातिघांना विचारले. एक म्हातारे दुकानदार म्हणाले, “नाव ऐकलंय की! ह्याच रस्त्याला कुठंतरी. पर आता कोन सांगनार?” त्यांनी समोरचे एक चहाचे हॉटेल दाखवले, निदान चहा तरी चांगला मिळतो म्हणाले. आम्ही सतरा जण आत शिरलो आणि चार टेबले जोडून बसलो. पोऱ्याने सगळ्यांना एकसारख्या ग्लासातून चहा दिला. पालिकेच्या भाऊंनी ग्लास उचलून जरा वेळ हातात धरला, मग प्यायले.

आमच्यात एक तेविसाचा मुलगा होता, बी.ए. झालेला. एका सरकारी कचेरीत साफसफाईला आहे, पण कचेरीचा नव्हे, कंत्राटदाराचा. तीन वर्षांत दोन कंत्राटदार बदलले, हा तोच. भविष्यनिर्वाह निधीची पावती नाही, सुटी नाही. तो दिवसभर गप्प होता. चहा झाल्यावर त्याने ती झेरॉक्स मागून घेतली आणि विचारले, “काका, कंत्राटातल्या जागांचा असा तिमाही तक्ता असतो का?” आम्ही सांगितले, कायम जागांची बिंदुनामावली असते. कंत्राटदार कुणाला घेतो, कुणाला काढतो, याचा तसा तक्ता मागितलेला आमच्या तरी पाहण्यात नाही. “मग आपण मागायचा का?” तो म्हणाला.

माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूला तिथेच कच्चा खर्डा केला. गेल्या पाच वर्षांत साफसफाईच्या किती कायम जागा रिकाम्या झाल्या, त्यांतील किती भरल्या, किती कंत्राटावर दिल्या, कंत्राटदाराला दरमहा माणशी किती रुपये दिले जातात, आणि भविष्यनिर्वाह निधी भरल्याची चलने. पाच मुद्दे झाले. सातवीतल्या मुलीचे अक्षर चांगले म्हणून खर्डा तिच्याकडून लिहून घेतला. सतरा चहांचे पैसे त्या मुलानेच दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट मुंबईला पोचल्यावर सोमवारी लावायचे ठरले.